मक्याचे डोहाळे

नंदुरबारला दिवाळीची चाहूल आधी नाकाला लागते. इतर गावी भाजणीचा वास येत असेल, चकल्यांचा येत असेल; आमच्याकडे मिरचीचा येतो. नवरात्र सरते न सरते तोच बाजार समितीच्या आवारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते, आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती मिरची उन्हात पसरली जाते. नजर पोचेल तिथवर जमीन लाल. देशातल्या मिरचीच्या बाजारपेठांत गुंटूरच्या खालोखाल आमच्या गावाचे नाव घेतात, आणि आम्हां नंदुरबारकरांना त्याचा केवढा अभिमान! शिंका देणाऱ्या पाहुण्याकडे आम्ही जरा कीव करूनच पाहतो. ‘आमची मिरची’ असे आम्ही इतक्या सहजपणे म्हणतो, की ती जणू सातपुड्याच्या दगडातूनच उगवली असावी.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. मिरची मूळची इथली नव्हे, ती मेक्सिकोकडची, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. कोलंबस १४९२ साली मिऱ्यांच्या शोधात निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. तिथले लाल तिखट फळ पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्याआधी आपल्या स्वयंपाकघरात तिखटपणाचा कारभार मिरी आणि पिंपळी पाहत होत्या. मिरचीने मिऱ्याचे काम तर घेतलेच, पण त्याचे नावही थोडे वाकवून घेतले. मका तिकडचा, टोमॅटो तिकडचा, पपई, पेरू, सीताफळ, तांबडा भोपळा हेही सारे अमेरिका खंडातले. मुले माना डोलावत, मी पुढचा धडा घेई. पण फळ्यावरचे ज्ञान चुलीपर्यंत पोचायला काहीतरी निमित्त लागते. ते आमच्या घरात २०२४ च्या श्रावणात आले, एका सुनेच्या डोहाळ्यांच्या रूपाने.

माझा पुतण्या नोकरीसाठी मेक्सिकोत ग्वादलाहारा शहरी चार वर्षे होता. तिथेच त्याचे लग्न झाले. मुलगी प्वेब्ला गावची. त्याची बदली पुण्याला झाली आणि तिथे घर लागेपर्यंत सूनबाई आमच्याकडे नंदुरबारला राहायला आली. तिला तिसरा महिना लागला होता. घरात आनंदीआनंद, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तर पहिल्या दिवशीच दुधी, पालक आणि तुपाचा डबा पुढे मांडला.

पण पोरीच्या पोटात अन्न ठरेना. वरणभात पाहिला की ती तोंड फिरवी. दादरीची भाकरी, उडदाची डाळ, शेवभाजी, नाना प्रकार झाले. ती बिचारी आमचे मन राखण्यासाठी दोन घास घेई आणि पाच मिनिटांनी न्हाणीघराकडे धावे. पंधरा दिवसांत तिचे तीन किलो वजन उतरले. एकदा दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणावे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घाबरण्यासारखे नाही, पण हिच्या पोटात काहीतरी गेलेच पाहिजे. जे खावेसे वाटते तेच द्या.” पुतण्या शनिवारी पुण्याहून येई आणि रविवारी रात्री तोंड उतरवून परत जाई. आम्ही सगळ्या बायका रात्री ओसरीवर बसून कुजबुजत असू. परक्या मुलखातली पोर. आईचे घर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. काही बरेवाईट झाले, तर त्या माउलीला काय सांगायचे?

तेव्हा आमच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “तिले काय जोयजे ते इचारा. डोहाळा मोडू नही.”

आणि खरोखर, तोवर तिला हे कोणी नीटपणे विचारलेच नव्हते! मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती बराच वेळ गप्प राहिली; मग डोळे भरून म्हणाली, “काकू, तोर्तिया.”

तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरीच की! आम्हांला हसू फुटले. सातपुड्याच्या पायथ्याशी मक्याच्या भाकरीची काय वाण? वर धडगावाकडे, अक्कलकुव्याच्या डोंगरात मक्याची आणि ज्वारीची भाकरी हेच रोजचे अन्न. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पावरा मावशी धडगावच्याच. त्यांनी त्याच संध्याकाळी चुलीवर दोन भाकरी थापल्या. सूनबाईने भाकरीचा वास घेतला, अर्धी खाल्ली, आणि अर्धी पोटात टिकलीही. पण ती हळूच म्हणाली, “फार छान आहे. पण ही ती नव्हे.”

ती कोणती, याचा उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला झाला. प्वेब्लात तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. तिची आई फोनच्या पडद्यावर आली. तिला आमची भाषा येत नाही, आम्हांला तिची स्पॅनिश येत नाही. मध्ये सूनबाई थोडे इंग्रजी, थोडे मराठी करून सांगत होती. त्या बाईने एक वाटी पडद्यासमोर धरली. आत पांढरा लगदा. मावशी पुढे वाकून म्हणाल्या, “हा तर चुना!”

सगळे गुपित त्या चुन्यात होते. आपण मका वाळवतो, दळतो आणि भाकरी थापतो. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याला त्यांच्या जुन्या नाहुआत्ल भाषेत जो शब्द आहे, त्यात ‘राख’ आणि ‘मक्याचे पीठ’ असे दोन शब्द एकत्र आले आहेत. कारण चुन्याच्या जागी लाकडाची राखही चालते. मग आम्ही लागलो कामाला. मावशींनी गावाकडून पांढरा गावठी मका आणला. एक किलो मक्याला तीन लिटर पाणी आणि विड्याच्या पानाला लावतात तो चुना दोन लहान चमचे. पाण्याला उकळी फुटली की आच मंद करायची, अर्धा-पाऊण तास दाणे शिजू द्यायचे, आणि भांडे झाकून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी पाणी पिवळेधमक झालेले असते. ते ओतून टाकून दाणे दोन्ही हातांनी चोळायचे. वरचे साल बोटांना सुटून येते. तीन-चार पाण्यांनी खळखळून धुतले की दाणा फुगलेला, मऊ, आणि त्याला असा वास, जसा पहिल्या पावसात भिंतीच्या पोपड्यांना येतो.

मग वाटण. सूनबाईने आमचा पाटा-वरवंटा पाहिला आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. तिच्या आजीकडे अगदी असाच दगड होता म्हणे, फक्त त्याला तीन पाय आणि जरा उतार. तिकडे त्याला ‘मेताते’ म्हणतात. गुडघे टेकून त्यावर मका वाटायचा. आमच्या जाऊबाईंनी तिला हात लावू दिला नाही हे वेगळे सांगायला नको. मावशींनी आणि मी पाळीपाळीने वाटले. वाटलेल्या पिठाचा गोळा हातात घेतला तेव्हा मला खरे नवल वाटले. मक्याची भाकरी थापताना कडा किती फुटतात, हे करणारीलाच ठाऊक. गरम पाण्याने उकड काढली तरी ती रुसलेलीच. पण हे पीठ लोण्यासारखे एकजीव. चुन्याने दाण्याच्या सालीचा चिवटपणा विरघळतो आणि पिठाला चिकटा येतो. हाताने थापले तरी फाटत नाही, दुमडले तरी मोडत नाही.

तवा कोणता? तिकडे मातीचा असतो, आणि तो नवा असताना त्याला चुन्याच्या निवळीचा हात देतात, म्हणजे भाकरी चिकटत नाही. आमच्या खानदेशात मांडे करायला मातीचे खापर असतेच. त्याच्या पाठीवर पुरणाची एवढी मोठी पोळी भाजणारे हात अजून आमच्या घरात आहेत. खापर चुलीवर चढले. पहिली तोर्तिया टाकली. एक बाजू, दुसरी बाजू, पुन्हा पहिली. आणि ती टम्म फुगली! सूनबाईने टाळी वाजवली. तिने तिच्यावर मिठाचे चार खडे चुरून टाकले, गुंडाळली, आणि उभ्याउभ्याच खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. आम्ही सगळ्या न्हाणीघराच्या दाराकडे पाहत होतो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. ती तिथेच बसून चौथीची वाट पाहत होती.

त्या दिवशी जाऊबाईंनी देवाजवळ साखर ठेवली.

पुढे माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि मी या चुन्याच्या मागे लागले. मका युरोपात गेला, पण चुना त्याच्याबरोबर गेला नाही. तिकडच्या लोकांना वाटले, ही रानटी लोकांची जुनाट खटपट कशाला? गिरणीत दळले की झाले. परिणाम असा, की जिथे गरिबांच्या पोटात मक्यावाचून दुसरे काही जाईना, तिथे एक भयंकर रोग पसरला. कातडी सोलून निघायची, पोट जायचे, शेवटी बुद्धी भ्रमायची. १७३५ च्या सुमारास स्पेनमधल्या कासाल नावाच्या वैद्याने त्याचे वर्णन केले. उत्तर इटलीने तो भोगला, विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागाने भोगला. त्याचे नाव पेलाग्रा. तो संसर्गाने होत नाही, अन्नातल्या उणिवेने होतो, हे जोसेफ गोल्डबर्गरने दाखवले. आणि ती उणीव नायासिन या जीवनसत्त्वाची, हे १९३७ साली कळले. मक्यात ते असते, पण कुलूपबंद. त्याची किल्ली म्हणजे चुना. मेक्सिकोतल्या बायांनी ती किल्ली हजारो वर्षांपूर्वी, एकही प्रयोगशाळा न बांधता, हाताशी ठेवली होती. शिवाय त्या चुन्यातून कॅल्शियम मिळते ते निराळेच. आमच्या पोटुशीला तेही हवेच होते.

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “आम्ही नुसती भाकरी कुठे खातो? डाळ असते, ताक असते, पाला असतो.” खरेच आहे. एकटे धान्य कितीही गुणी असले तरी त्याला सोबत लागते. मेक्सिकोतही मक्याच्या ताटात घेवड्याची उसळ असतेच असते.

सोबतीचे नाव निघाले तशी सूनबाईची पुढची मागणी आली: साल्सा. आता ही म्हणजे चटणीच. चार टोमॅटो, अर्धा कांदा आणि लसणाच्या तीन पाकळ्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेतो भाजायच्या. सुक्या लाल मिरच्या चिमट्याने धरून तव्यावर नुसत्या फिरवायच्या; जळल्या की कडू होतात. मग त्या गरम पाण्यात पाव तास भिजवायच्या आणि सगळे मिठाबरोबर जाडसर वाटायचे. तिच्या गावची मिरची रंगाला लालभडक पण तिखटाला बेताची असते. म्हणून आम्ही चार ब्याडगी घेतल्या आणि आमच्या गावची आब राखण्यापुरत्या दोन नंदुरबारी.

त्या दोन मिरच्यांनी घर डोक्यावर घेतले. असा ठसका उठला, की जाऊबाई परसात पळाल्या, शेजारणीने खिडकी लावून घेतली, सासूबाई पदराआडून खोकू लागल्या. आतल्या खोलीत सूनबाई झोपली होती. मला धास्ती वाटली, की आता हिला पुन्हा उमासे येणार. तो ती दारात उभी! खोकते आहे, डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि तोंडभर हसते आहे. म्हणाली, “काकू, आजीच्या घरी असेच व्हायचे. सगळे बाहेर पळायचे!” घराची ओळख फोटोंतून पटते, पत्रांतून पटते, पण ती ठसक्यातूनही पटते, हे मला तेव्हा कळले.

मग आमच्या घरात एक विद्यापीठच सुरू झाले. चुन्याच्या मक्याचे ओले पीठ पाण्यात कालवून, दालचिनी आणि गूळ घालून पातळ शिजवले, की त्याचे झाले ‘अटोले’. आपल्या आंबिलीची गोड बहीण. त्यांचा तिकडचा गूळ आपल्यासारखाच, फक्त ढेप उभट सुळक्यासारखी. राजगिऱ्याचे लाडू मी उपासाला केले तेव्हा ती चकित झाली. “हे तुमच्याकडे कसे?” राजगिराही तिकडचाच! तिथे त्याच्या फुलवलेल्या लाह्या पाकात घालून वड्या करतात आणि त्यांना ‘आनंद’ या अर्थाचे नाव आहे. जुन्या काळी तिथले लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत. म्हणून स्पॅनिश पाद्र्यांची त्या धान्यावर वक्रदृष्टी झाली. आपल्याकडे मात्र तेच धान्य एकादशीला देवाच्या नैवेद्यात जाऊन बसले.

या निमित्ताने मला आपल्याच एका माणसाची आठवण झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. इंग्रजी राज्याविरुद्ध लढणारे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. मायदेशाची दारे बंद झाली तेव्हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या सुधारित जातींवर त्यांनी संशोधन केले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत ‘आमची रोजची भाकर’ नावाचे भित्तिचित्र १९२८ साली काढले, त्यातल्या पंक्तीत हा वऱ्हाडकडचा माणूस बसलेला आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. सूनबाईने ते चित्र शाळेच्या सहलीत पाहिले होते. पण त्यात आपला सासरचा माणूस आहे हे तिला माझ्याकडून कळले. त्या दिवसापासून ती खानखोज्यांना ‘माझे मामेसासरे’ म्हणते!

दिवाळी आली तेव्हा तिचे वजन भरून निघाले होते. आणि तिथे एक पेच पडला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. आणि १ आणि २ नोव्हेंबर हे तिच्या गावी मृतांचे दिवस. त्या दिवशी गेलेली माणसे घरी येतात अशी तिथली श्रद्धा. त्यांच्यासाठी तसबिरीपुढे दिवे लावायचे, आवडते पदार्थ मांडायचे आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट करायची, म्हणजे त्यांना घर सापडते. झेंडूही मूळचा तिकडचा. सूनबाईला आजीसाठी दोन फुले आणि एक दिवा लावायचा होता. तिने मला विचारले, मी जाऊबाईंकडे पाहिले, जाऊबाई गप्प. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, घरात गर्भारशी असताना, मेलेल्या माणसाची तसबीर? जाऊबाईंचे भय खोटे नव्हते. श्रावणातल्या त्या रात्री त्या विसरल्या नव्हत्या. सूनबाई काही बोलली नाही, पण त्या दुपारी ती जेवलीही नाही.

पुन्हा सासूबाईच बोलल्या. “आकाशदिवा कोनासाठे लावतस? आकाशदिवा तर पितरेसनाच शे.” आणि ते शास्त्राला धरूनच होते. आश्विनातल्या अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून उजेड दाखवायची चाल आपल्या जुन्या ग्रंथांतही आहे. यमदीपदान तर आपण धनत्रयोदशीला घरोघरी करतो. जाऊबाई उठल्या. त्यांनी स्वतः पाट मांडला, भोवती रांगोळी घातली आणि झेंडूची परडी सूनबाईच्या हातात दिली.

त्या रात्री लक्ष्मीपुढे लाह्या-बत्तासे होते, आणि शेजारच्या पाटावर ‘तमाले’. वाळलेल्या कणसांची साले भिजवून मऊ करायची, चुन्याच्या मक्याचे पीठ तुपाने हलके होईतो फेसायचे, ते सालीवर पसरून मध्ये मिरचीच्या रसातला बटाटा भरायचा, पुडी बांधायची आणि तासभर वाफवायची. आम्ही ते गणपतीच्या मोदकपात्रात वाफवले. मावशींनी पुडी सोडून खाल्ली आणि म्हणाल्या, नर्मदेपलीकडे अलिराजपूरकडची आमची माणसे मक्याचे पीठ पळसाच्या पानांत घालून निखाऱ्यावर भाजतात. हे वाफेचे, एवढाच फरक.

फेब्रुवारीत मुलगी झाली. २०२५ च्या श्रावणात तिचे उष्टावण झाले, तेव्हा प्वेब्लाची आजी समक्ष आली होती. तिने खिरीनंतर बोटाच्या टोकावर थोडे अटोले घेऊन नातीच्या ओठांना लावले. पोरीने आधी तोंड वेडेवाकडे केले आणि मग जीभ बाहेर काढून आणखी मागितले.

दुपारी मी पाहिले, तर ती आजी आणि आमच्या मावशी परसात सुपापाशी बसल्या होत्या. सुपात मावशींच्या शेतातला मका होता. आजीने मूठभर दाणे घेतले, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला, आणि समाधानाने म्हणाली, “क्रिओयो.” मावशी मान हलवून म्हणाल्या, “गावठी.” मी सांगायला पुढे झाले, की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, पण त्या दोघींना ते आधीच कळले होते. मावशींनी आपल्या पदराच्या टोकाला बांधलेले थोडे दाणे सोडले आणि पाहुणीच्या ओंजळीत टाकले, बियाण्यासाठी नव्हे, नुसते आठवण म्हणून.